किती पायजे, सांगा की!

बेळगावात कुणी विचारलं, "काय हो, तिकडं गुंठ्याला काय भाव चाललाय?" तर जाणता माणूस भाव सांगत नाही. तो उलट विचारतो, "कशाला पायजे?" प्रश्न रास्त आहे. विकायचं आहे की घ्यायचं आहे, कर्ज काढायचं आहे की कर वाचवायचा आहे, भावाला वाटा द्यायचा आहे की सरकारकडून भरपाई घ्यायची आहे, हे कळल्याशिवाय भाव सांगणं म्हणजे तोंडाची वाफ दवडणं. जमीन तीच, मोजणी तीच, उताऱ्यावरचं नाव तेच. कागद कुठल्या टेबलावर जाणार आहे, एवढ्यावर तिची लायकी ठरते.

उदाहरणादाखल दोन गुंठे घेऊ. कुणाचे ते विचारू नका, थोडेफार सगळ्यांचेच आहेत. वडगाव-शहापूरच्या शिवाराकडं, बळ्ळारी नाल्याच्या अंगाला. पावसाळ्यात हा नाला फुगला की आसपासची भातशेती पाण्याखाली जाते, हे बेळगावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

हे दोन गुंठे सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत जातात तेव्हा फार गरीब असतात. रस्ता नाही, गटार नाही, चिखल आहे. घेणारा घेतोय हेच उपकार. सरकारनं ठरवलेली मार्गसूची किंमत, म्हणजे आपली गाईडलाइन व्हॅल्यू, हीच त्यांची खरी किंमत, वर एक रुपया नाही. कर्नाटकानं १ ऑक्टोबर २०२३ पासून ही किंमत वाढवली आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी शुल्क एक टक्क्यावरून दोन टक्क्यांवर नेलं. त्या दिवसापासून दोन गुंठे जास्तच गरिबीत गेले. राहिलेली रक्कम 'वरून' येते. वरून म्हणजे आभाळातून नव्हे, पिशवीतून.

दोन महिन्यांनी तेच दोन गुंठे बँकेत कर्जाला जातात आणि त्यांचं नशीब उघडतं. मुख्य रस्त्यालगत. शाळा, दवाखाना, बसथांबा हाकेच्या अंतरावर. परिसराच्या विकासाला भरपूर वाव. भाग सखल आहे का? नाही. पाण्याची सोय? मुबलक. या शेवटच्या उत्तरात मात्र कुणीही खोटं बोललेलं नसतं.

पुढं हप्ते थकतात. थकलेल्या कर्जाचं तारण बँकेला विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांप्रमाणे लिलावाची राखीव किंमत ठरवण्याआधी मान्यताप्राप्त व्हॅल्युअरकडून मूल्यांकन घ्यावं लागतं. पुन्हा टेप, पुन्हा फोटो, पुन्हा शिक्का. आता दोन गुंठ्यांना अचानक नाला आठवतो. रस्ता अरुंद होतो, शाळा लांब जाते, बसथांबा तर उठूनच जातो. आणि हा सगळा फरक पडणार याची तजवीज पहिल्याच अहवालात करून ठेवलेली असते. बँकेच्या अहवालात किमती तीन असतात: बाजारभावाची, प्रत्यक्ष हाती येईल ती, आणि अडचणीत विकली तर मिळेल ती. तीनही एकाच माणसानं, एकाच दिवशी, एकाच सहीनं लिहिलेल्या. कुठला तरी एक आकडा खरा ठरतोच. ज्योतिषालासुद्धा एवढी सवलत मिळत नाही.

मग येतो कर वाचवायचा प्रसंग. जमीन विकल्यावर नफा काढताना प्राप्तिकरात जुन्या मालमत्तेची १ एप्रिल २००१ ची किंमत धरायची मुभा आहे. ती किंमत जितकी जास्त, तितका नफा कमी आणि कर कमी. त्यामुळं २००१ साली ज्या शिवारात बेडूक आणि भात सोडून काही नव्हतं, तिथं अहवालातून पुण्याच्या डेक्कनचा भाव फुटू लागला. अखेर २०२० च्या वित्त कायद्यानं लगाम घातला: त्या तारखेचं मुद्रांक मूल्य उपलब्ध असेल, तर त्याच्या वर आकडा नेता येणार नाही. देशभरातल्या भूतकाळाची किंमत एका कलमानं उतरली.

राहिली घरातली वाटणी. गावातल्या घरात राहणारा थोरला म्हणतो, पडकं आहे, काय येणार त्याचं? पुण्यात फ्लॅट घेतलेला धाकटा म्हणतो, मोक्याची जागा आहे. दोघं आपापला व्हॅल्युअर आणतात. दोन्ही व्हॅल्युअर एकाच कॉलेजातून शिकलेले, टेपही एकाच दुकानातली. अहवालात फरक दुपटीचा. आई मधल्या खोलीत बसून विचारते, "घर मोजलं की तुम्हाला मोजलं?" तिच्या प्रश्नाला नमुन्यात रकाना नाही.

इतक्या किमतींना शिक्का मारायला माणूस लागतो. तो कसा येतो ते जवळून बघण्यासारखं आहे. सकाळी साडेदहाला साहेब दुचाकीवरून उतरतात. हेल्मेट आरशाला अडकवतात. घरमालक पायरीवर उभा, आत चहाचं आधण.

"किती काढायलाय कर्ज, अण्णा?"

"पंचवीस लाख पायजे होते की."

"बँक किती टक्के देणार म्हणाली?"

"मॅनेजर पंच्याहत्तर म्हणाले."

साहेब क्षणभर आभाळाकडं बघतात. पंचवीसला पाऊणनं भागलं की तेहतीस लाख तेहतीस हजार येतात. "म्हणजे चौतीसच्या आसपास बसवायला पायजे." टेप अजून पिशवीतच आहे. मग ती बाहेर येते. एक टोक घरमालकाच्या पोराच्या हातात. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला शेजाऱ्याची भिंत, उत्तरेला मोकळी जागा, दक्षिणेला गटार. ज्या मुलखात राज्याची सीमा १९५६ पासून ठरेना, तिथं प्लॉटच्या चतुःसीमा चहा निवायच्या आत ठरतात. मोबाइलवर अक्षांश-रेखांशासह फोटो निघतो, कारण साहेब प्रत्यक्ष आले होते हे सिद्ध व्हायला हवं. ते कशाला आले होते, हे अक्षांशावरून कळत नाही. चार दिवसांनी अहवाल येतो: चौतीस लाख सतरा हजार पाचशे. त्या सतरा हजार पाचशेत खरी कला आहे. गोल आकडा संशयास्पद दिसतो.

साहेबांना नावं ठेवायची घाई करू नका. फी घरमालक भरतो, काम मॅनेजर देतो, आणि कर्ज मंजूर व्हावं अशी दोघांचीही इच्छा असते. मॅनेजरला मार्चअखेरचं टार्गेट आहे, घरमालकाला स्लॅब टाकायचा आहे. साहेबांनी सव्वीस लाख लिहिले, तर तिघांपैकी दोघं नाराज होतात आणि पुढचं काम पॅनेलवरच्या दुसऱ्या साहेबांकडं जातं. कुणी रागावत नाही, कुणी धमकावत नाही. फक्त फोन यायचा थांबतो.

बरं, सरकारनं तरी काय केलं? संपत्ती कर कायद्याच्या नियमांत नोंदणीकृत व्हॅल्युअरच्या फीचं कोष्टक होतं. पहिल्या पाच लाखांवर अर्धा टक्का, पुढच्या दहा लाखांवर एकपंचमांश टक्का, असं उतरत जाणारं. म्हणजे किंमत जितकी जास्त ठरवाल, तितकी फी जास्त. मापात पाप करू नये अशी अपेक्षा ठेवायची आणि मापाप्रमाणे बिदागी द्यायची, हे आपल्या राज्यकर्त्यांनाच सुचू शकतं.

आता परवान्याचं बघू. १९५७ च्या संपत्ती कर कायद्यात ३४ एबी या कलमानं नोंदणीकृत व्हॅल्युअर जन्माला आला. पुढं २०१५ मध्ये संपत्ती करच रद्द झाला. कर वारला, पण व्हॅल्युअरच्या पाट्या वर्षानुवर्षं लटकत राहिल्या. कायद्यात शब्द 'नोंदणीकृत' आहे. पाटीवर मात्र 'गव्हर्न्मेंट अप्रूव्ह्ड'. सरकारनं मान्य केलेला माणूस म्हटलं की सीमाभागात आपण आधी दोन पावलं मागं सरतो, ही गोष्ट वेगळी.

दुसरं दुकान २०१७ साली उघडलं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २४७ खाली नियम आले आणि दिवाळखोरी मंडळाकडं नोंदणी सुरू झाली. पन्नास तासांचा अभ्यासक्रम, संगणकावर परीक्षा, उत्तीर्ण व्हायला साठ टक्के, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. परीक्षेत चुकीचं उत्तर दिलं की गुण जातात. बाहेर आल्यावर बरोबर उत्तर दिलं की गिऱ्हाईक जातं. एवढा फरक समजून घेतला की माणूस धंद्याला तयार.

या नियमांच्या जोडीला आचारसंहिता आहे आणि ती खरोखर वाचण्यासारखी आहे. कर्ज मंजूर झालं तरच मिळणारी फी घेऊ नये, असं तिच्यात आहे. दुसऱ्याचं काम हिसकावू नये, असं आहे. आणि गिऱ्हाईकाच्या गरजेप्रमाणे 'सोयीचं मूल्यांकन' करून देऊ नये, असं तर स्वच्छ शब्दांत आहे. ज्या गोष्टीचं नाव घेऊन बंदी घालावी लागते, ती किती चालत असेल याचा अंदाज करायला व्हॅल्युअर नको. कायद्याचं कलम त्याहून कडक: ज्या मालमत्तेत स्वतःचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध आहे, तिचं मूल्यांकन करायचं नाही, आधीची तीन वर्षं नाही आणि नंतरची तीन वर्षंही नाही.

वाचून छाती भरून येते. मग कळतं की ही सगळी सोवळ्याची व्यवस्था कंपनी कायद्यातल्या आणि दिवाळखोरी संहितेतल्या मूल्यांकनासाठी आहे. टिळकवाडीतल्या घरावर कर्ज काढणाऱ्याच्या वाट्याला बँकेचं पॅनेल येतं. रिझर्व्ह बँक सांगते की व्हॅल्युअर पात्र आणि स्वतंत्र असावा, मालमत्तेत त्याचा हितसंबंध नसावा, आणि पन्नास कोटी किंवा त्याहून मोठ्या मालमत्तेला निदान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत. पन्नास कोटींच्या खाली एका माणसाची नियत पुरेशी धरली आहे. आपण बहुतेक सगळे खालीच राहतो.

आणि सहकाराच्या या पंढरीत 'हितसंबंध नाही' ही अट पाळणं किती सोपं आहे पाहा. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देऊ नये, अशी बंदी रिझर्व्ह बँकेनं २००३ मध्ये घातली. पण संचालकाचा भाचा इंजिनिअर असला आणि पॅनेलवर बसला, तर? त्याचा प्लॉटमध्ये काडीचा हितसंबंध नाही. त्याचा हितसंबंध मामात आहे. ज्यानं घराचा नकाशा काढला, त्यानंच खर्चाचं एस्टिमेट दिलं, त्यानंच काम कुठवर आलं याचा दाखला दिला आणि शेवटी त्यानंच किंमतही लिहिली, असं गावोगाव घडतं. याला आपल्याकडं हितसंबंधांचा संघर्ष म्हणत नाहीत, कारण संघर्ष होतच नाही. सगळं कसं घरच्यासारखं मिळूनमिसळून पार पडतं.

निपाणीकडं गेलात तर आणखी एक सोय आहे. देवचंद कॉलेज निपाणीकरांचं, पोरं निपाणीची, चहाची गाडीही निपाणीची. पण कॉलेजचा पत्ता अर्जुननगर, तालुका कागल, जिल्हा कोल्हापूर. अलीकडं कर्नाटकाची मार्गसूची, पलीकडं महाराष्ट्राचा रेडी रेकनर. शेजारचे व्यवहार बघून किंमत ठरवावी, असं मूल्यांकनाचं शास्त्र सांगतं. आता शेजारी कुणाला म्हणायचं? कर्जाला एक शेजारी, करासाठी दुसरा. दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री ज्या सीमेवरून एकमेकांना पत्रं लिहितात, ती व्हॅल्युअर दिवसातून चारदा, टोल न भरता ओलांडतो.

आकडा मागवायचा आणि सोयीचा निघाला नाही तर फेकून द्यायचा, ही रीत तशी मोठ्यांनीच घालून दिली आहे. महाराष्ट्राच्या आग्रहावरून १९६६ मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला. १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव कर्नाटकात राहिलं, म्हणून महाराष्ट्रानं तो फेटाळला. आणि कर्नाटकानं तो देव्हाऱ्यात ठेवला. २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. सीमाभागातला माणूस मूल्यांकनाकडं तिरक्या नजरेनं बघतो, ते उगाच नव्हे.

इथवर हसून झालं असेल तर एका ठिकाणी थांबू. जमीन सरकारला हवी असते, तेव्हा घेणारं सरकार आणि किंमत ठरवणारा अधिकारीही सरकारचाच. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात भरपाई सक्षम प्राधिकारी ठरवतो. ती पटली नाही तर लवाद आहे. तो लवादही केंद्र सरकारच नेमतं. कंपनीच्या व्हॅल्युअरला आधीची तीन आणि नंतरची तीन वर्षं सोवळ्यात राहायला सांगणारं सरकार स्वतःसाठी तीन मिनिटांचंही सोवळं पाळत नाही. बेळगावजवळच्या हलगा-मच्छे बायपाससाठी सुपीक रान जाणार म्हणून शेतकरी रस्त्यावर आले आणि कोर्टात गेले, त्यामागं हीही कळ आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव काढताना आसपासच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतल्या चढ्या भावांच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी बघतात. कायदा चांगला आहे. पण खरेदीखतात भाव कुणी लिहिला? आपणच. मुद्रांक वाचवायला गरीब केलेले ते दोन गुंठे इथं शेजाऱ्याच्या चार एकरांवर सूड उगवतात. पिशवीतून आलेल्या रकमेचा दाखला भूसंपादन अधिकाऱ्यापुढं ठेवता येत नाही.

घेणाऱ्यानंच भाव ठरवायचा, हे निपाणीला नवं नाही. तंबाखूचा भाव व्यापारी ठरवायचे आणि शेतकऱ्यानं मान डोलवायची. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर बसले ते याच व्यवहाराविरुद्ध. ६ एप्रिल १९८१ च्या गोळीबारात बारा जण गेले. मालाची किंमत कोण ठरवतो, हा प्रश्न आपल्या मुलखात नुसता कागदावरचा कधीच नव्हता.

आणि हे फक्त आपल्याकडंच, असंही समजू नका. अमेरिकेत बचत-कर्ज संस्था बुडाल्यावर १९८९ च्या कायद्यानं मूल्यांककांना परवाने आले. परवाने आले, परीक्षा आल्या, आणि तरीही २००० ते २००७ या काळात सुमारे ११ हजार मूल्यांककांनी सह्या करून सरकारला अर्ज दिला: आमच्यावर दबाव आहे, हवा तो आकडा दिला नाही तर काम मिळत नाही. अर्ज फायलीत गेला. २००८ मध्ये घरांचे भाव कोसळले आणि सोबत बँका गेल्या. त्यानंतर २०१० मध्ये मूल्यांककाच्या स्वातंत्र्यासाठी कायदा झाला. घोडा पळाल्यावर तबेल्याला कुलूप घालायची अक्कल फक्त आपल्याकडंच आहे, असा गर्व नको.

आपल्याकडंही समिती झाली. एम. एस. साहू यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला, व्हॅल्युअर विधेयकाचा मसुदाही दिला: राष्ट्रीय संस्था असावी, शिक्षण असावं, शिस्त असावी. मसुदा झाला, कायदा व्हायचा राहिला. त्या मसुद्याचं मूल्यांकन बहुधा कुणाच्या सोयीचं निघालं नसावं.

या धंद्यात प्रामाणिक माणसंही आहेत आणि ती ओळखू येतात. त्यांच्याकडं गर्दी नसते. परवान्यानं माणसाला मोजता येतं हे सिद्ध होतं, 'नाही' म्हणता येतं हे होत नाही. 'नाही' म्हणणाऱ्याचं पोट चालेल अशी व्यवस्था लागते, आणि ती काही चंद्रावरून आणायची नाही. व्हॅल्युअर मॅनेजरनं निवडायचा नाही. चिठ्ठीनं, पाळीनं निघू द्या. कर्ज किती हवं, हे त्याला सांगायचं नाही. नातं, जुनी कामं, नकाशा कुणी काढला, हे अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचं. आणि लिलाव झाला की दोन आकडे शेजारी शेजारी छापायचे: कर्ज देताना लिहिलेला आणि प्रत्यक्ष हाती आलेला, खाली व्हॅल्युअरचं नाव. हा तक्ता दरवर्षी प्रत्येक सोसायटीच्या वार्षिक सभेत वाचला, तर जेवणाच्या पंगतीआधीच बरेच जण उठून जातील.

तोवर तुमच्या हातात एवढंच आहे. पुढच्या सभेला गेलात की ताटाकडं बघण्याआधी विचारा: पॅनेलवर कोण कोण आहे आणि त्यांना कुणी बसवलं? कर्ज काढलं असेल तर मूल्यांकनाचा अहवाल लेखी मागा. फी तुमच्या खात्यातून वळती झालेली आहे. निदान आपल्या जागेबद्दल काय काय लिहिलंय, ते तरी वाचायला मिळालं पाहिजे.